शिकंज्यातला बूट

दादा,

गुंड्याचं खाणं झालंय. शेपूट हलवून मागेल, पण पुन्हा देऊ नकोस. मी मावशीकडे चाललेय.

त्याचं रबरी हाड घट्ट धरून ठेवणारा तो शिकंजा करताना माझी बोटं सोलून निघाली. आणि काल पाहुण्यांसमोर तू छाती फुगवून सांगितलंस, "मीच बनवला. हिनं फक्त स्क्रू उचलून दिले."

मुलाखतीसाठी पॉलिश करून ठेवलेला तुझा उजवा बूट आता हाडाच्या जागी आहे. गुंड्या जाम खूश आहे. ओढाताण करू नकोस, ओढलं की शिकंजा आणखी आवळतो. तो सोडवायची खुबी बनवणाऱ्यालाच ठाऊक असते, तेव्हा तुला काहीच अडचण येणार नाही.

– स्क्रू उचलून देणारी