सगळ्यांचं ऐकणारा स्पीकर

४ मे, शनिवार, सकाळ

रेडिओ बंद पडला. बातम्यांच्या ऐन मध्यावर, वाक्य अर्धं टाकून. डाव्या बाजूला नेहमीची थाप मारली. उजव्या बाजूला मारली. खालून मारली. ढिम्म. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा सोबती. एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण, एरियलच्या जागी हँगरची तार, पण आवाज खणखणीत. माझ्यासारखाच.

ही म्हणाली, एवढी घाई कशाला, सोमवारी बघू. दोन दिवस घरात शांतता राहिली तर आभाळ कोसळणार नाही. ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, त्यामुळे हिला यंत्रांतलं कळतं असं हिला वाटतं.

तरी ठरवलं. घाई करायची नाही. चार दुकानं फिरायची, भाव काढायचे, मगच घ्यायचा.

तोच दिवस, संध्याकाळ

घेतला.

रेडिओ नव्हे, स्मार्ट स्पीकर. आपण बोलायचं, त्याने ऐकायचं. सेल्समनने विचारलं, साहेब काय करता? म्हटलं, बसस्टँडवर अनाउन्सर. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला, तुमचा आवाज हा झोपेतसुद्धा ओळखेल. माणसांची पारख असलेला मुलगा.

'जुनं द्या, नवं घ्या' ही स्कीम आजच संपत होती. रेडिओ नुसता दाखवायला म्हणून पिशवीत नेला होता. काउंटरवर ठेवला. त्यांनी तो मागच्या खोक्यात टाकला. ठेवला नाही, टाकला. जरा कसंतरी झालं. पण माणसाने काळाबरोबर चालावं.

बाकीची तीन दुकानं राहिली. तेवढीच पायपीट वाचली.

५ मे, रविवार

कन्येने स्पीकर हॉलमध्ये लावून दिला. तिचं लगेच ऐकलं. मग मी घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करून बातम्या लाव म्हणालो. तो म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?

नवीन आहे. रुळेल.

दुपारी जुनी गाणी मागितली. पाढे लागले. बेचा. बंद हो म्हटलं तर तीनचा सुरू झाला. कन्या आतल्या खोलीतून, तोंडात ब्रश धरल्यासारखं काहीतरी बोलली आणि तो गप्प झाला.

इतकी वर्षं माइकवर बोलतोय. एकदाही तक्रार नाही. अनाउन्समेंट झाल्यावर प्रवासी खिडकीशी येऊन पुन्हा विचारतात, ते आवाज जवळून ऐकायला मिळावा म्हणून.

७ मे, मंगळवार

शेजारच्या आजी वाटी परत द्यायला आल्या. कवळी घरी विसरल्या होत्या. दारातूनच काहीतरी पुटपुटल्या, मला ओ की ठो कळलं नाही. याने लगेच उद्याचं हवामान सांगितलं. वर आणखी काही हवंय का म्हणून विचारलं. आजी म्हणाल्या, गुणी आहे हो तुमचा हा.

मला आजवर आणखी काही हवंय का विचारलेलं नाही.

९ मे, गुरुवार

थकलो. सकाळी डोळा उघडला की आधी आठवतं, आज याच्याशी बोलायचंय. पूर्वी अर्धवट झोपेत स्वयंपाकघरात शिरलो की फळीकडे हात जायचा, झाकण फिरवलं की कोणीतरी बोलायला लागायचं. आपण काहीच बोलायचं नाही. किती सोय होती.

आता ही चहा घेऊन समोर बसते आणि माझ्याकडे बघते. मी स्पीकरकडे बघतो. तो कोणाकडेच बघत नाही.

संध्याकाळी आवाज चढवला. खालच्या मजल्यावरून निरोप आला की भांडण मिटवा.

११ मे, शनिवार

परत करायला गेलो. मूळ खोकं मागितलं. खोकं मी त्याच दिवशी कात्रीने कापून काढलं होतं, कारण सेलोटेप निघेपर्यंत धीर नव्हता. सेल्समन म्हणाला, खोकं नाही तर नियमात बसत नाही. मग अगदी सहज विचारावं तसं रेडिओचं विचारलं. तो म्हणाला, कसला रेडिओ? म्हटलं, झाकणवाला. तो गाडीत भरून गेला म्हणे. कुठे? भंगारात.

म्हटलं, असू दे, सहज विचारलं. तो म्हणाला, काय म्हणालात? दुकानात गोंगाट फार.

१२ मे, रविवार

डोकं चालवलं. हॉलमधल्या पंख्याच्या घरघरीत त्याला माझं ऐकू येत नसणार. उचलून स्वयंपाकघरात नेला. रेडिओच्याच फळीवर, रेडिओच्याच प्लगला. लागलाच नाही. लाल दिवासुद्धा नाही. मेला! फार बरं वाटलं. वॉरंटीचा कागद शोधायला घेतला.

तेवढ्यात कन्येने त्याच प्लगला मिक्सर लावला. तोही लागला नाही. दोन्ही हॉलमध्ये नेले, दोन्ही चालू. ती म्हणाली, बाबा, हा पॉइंटच गेलाय.

म्हणजे रेडिओ

पुढे लिहीत नाही.

कन्येला सांगितलं, आईला यातलं काही कळायला नको. ती नुसती हसली. हल्लीच्या मुलांना गांभीर्य नाही.

१५ मे, बुधवार

जेवण जात नाही. धडधाकट होता. मीच त्याला थापा मारमारून, पिशवीत घालून पोचवून आलो.

कामावर दोन गाड्यांचे प्लॅटफॉर्म उलटेसुलटे सांगितले. डेपो मॅनेजर म्हणाले, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, घरचं कोणी गेल्यासारखं झालंय. ते घाबरले. मग रेडिओचं सांगितलं. ते उठून गेले.

१८ मे, शनिवार

इलेक्ट्रिशियन आला. कोणता पॉइंट म्हणाला. मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, तो फळीवरचा, रेडिओचा, दोन आठवडे झाले बंद आहे.

तो गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं? ही म्हणाली, रेडिओ गप्प झाला त्याच सकाळी मिक्सर लावून बघितला होता. मग सांगितलं का नाहीस? हिने भाजी चिरायला घेतली. मग म्हणाली, अहो, मला वाटलं, दोन दिवस तो बंद असला तर चहाला आपण दोघं बोलू. सोमवारी सांगणारच होते. तुम्ही संध्याकाळीच दुसरा घेऊन आलात.

म्हटलं, बोलायचं होतं तर तसं सांगायचं. ही म्हणाली, तेच तर.

निर्णय : यापुढे रोज सकाळी चहाला हिच्याशी बोलायचं. बोलणं हा तर माझा धंदाच आहे.

१९ मे, रविवार

विषय सुचला नाही. उद्यापासून.

२० मे, सोमवार

स्पीकरची वायर काढली. ही समोर बसली. मी घसा साफ केला आणि विचारलं, तुमच्या लॅबमधल्या त्या मोठ्या मॅडम कशा आहेत? अजून तशाच ओरडतात का?

हिने कप खाली ठेवला. म्हणाली, त्या गेल्या वर्षीच रिटायर झाल्या.

मग त्यांच्या जागी कोण आलं?

ही म्हणाली, मी.

मला कसं कळलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगायला आले होते. बातम्या चालू होत्या. तुम्ही हातानेच थांब म्हणालात. मग ते राहूनच गेलं.

अभिनंदन केलं. पुढे काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, काम फार असतं का? असतं, म्हणाली. मग हळूहळू सांगायला लागली. एका सारख्या बिघडणाऱ्या मशीनबद्दल, सुई टोचताना स्वतःच डोळे मिटणाऱ्या एका नव्या मुलीबद्दल, पहिल्या दिवशी मॅडमच्या खुर्चीत बसायची कशी लाज वाटली त्याबद्दल. मला निम्मंच समजलं. चहावर साय धरली तरी सांगत होती. शेवटी घड्याळ बघून उठली, पर्स घेतली आणि निघाली.

सगळ्यांच्या आधी जाऊन लॅब उघडायची असते म्हणे. वर्षभर ही घरातून इतकी लवकर का निघते, याचा मी कधी विचार केला नव्हता. वाटायचं, बसची वेळ बदलली असेल.

बसच्या वेळा रोज मीच सांगतो.