झोत बंद असल्याचे सांगण्यात आले होते

मी, निर्मला हिरामण महाजन, वय त्रेसष्ट, अविवाहित, राहणार लालबाग, बऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. उलट हे लिहू नये म्हणून धाकटा भाऊ भिकन याने फार विनवण्या केल्या.

१. राहते घर व बँकेतील ठेव भिकनची मुलगी कोमल हिला मिळावी. भिकन वा त्याचा मुलगा निलेश यांचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. कारण लिहिणे भाग आहे.

मी एका संशोधन संस्थेत होते. नाव लिहून तिला प्रसिद्धी देणार नाही. जमिनीवरून लेझरचा झोत टाकून अंतराळयान ढकलायचे, म्हणजे यानाला इंधन वाहून न्यावे लागत नाही, असे ते काम. आम्ही डोळ्यांना संरक्षक चष्मे लावून, निर्वात नळीत यानाऐवजी केसाहून पातळ फिल्म टांगून प्रयोग करत होतो. एका दुपारी फिल्म तिरकी झाली. विभागप्रमुख चुडामण सर म्हणाले, "झोत बंद आहे. चष्मा काढून नीट बघा." झोत बंद नव्हता. माझा डावा डोळा गेला.

डोळा जन्मापासूनच अधू होता, असे चौकशीत ठरले. कोणाच्या सांगण्यावरून, ते मला कळू दिले नाही. मी बऱ्हाणपूरला परतले आणि शाळेत शिकवू लागले.

निलेश पुढे त्याच संस्थेत, त्याच कामात लागला. गेल्या वर्षी इथे त्याचा सत्कार झाला. व्यासपीठावरून तो म्हणाला, "आत्याचा एक डोळा जन्मापासून अधू, तरी विज्ञानाची गोडी तिनेच लावली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी भिकनला विचारले, "पोराला हे कोणी सांगितलं?"

त्याने आधी दार लोटून घेतले. मग म्हणाला, "ताई, चुडामण साहेबांनी 'डोळा जन्माचाच अधू' असा कागद पुढे केला, मी सही केली. निलेशला पुढे संस्थेत घेऊ म्हणाले, त्याच्या फ्यूचरचा सवाल होता. डोळा तर गेलाच होता ना."

"पप्पा, आत्या तेव्हा दवाखान्यात पडून होती," कोमल म्हणाली. त्याच आठवड्यात ती माझ्याकडे राहायला आली.

२. माझी पुस्तके व भिंगे निलेशला द्यावीत, असे आधी लिहिले होते. त्याला काही ठाऊक नव्हते, हे मला मान्य आहे. आता ठाऊक आहे. सरांना जाब विचार म्हटले, तर फोनवर म्हणाला, "जाने दो आत्या, सर आता म्हातारे झालेत." म्हातारी मीही झाले आहे. ती ओळ खोडून बाजूला सही केली आहे. पुस्तके शाळेला द्यावीत.

३. दोन्ही डोळे दान करावेत. डाव्याचा आतला पडदा जळाला असला, तरी बुबुळावरचे पटल शाबूत आहे व ते दुसऱ्याला बसवता येते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

४. अग्नी कोमलने द्यावा. भिकनने तापीकाठी यावे, पण खांदा देऊ नये.

५. शोकसभा झाल्यास चुडामण सरांना बोलू देऊ नये.

आणखी एक नोंद. फिल्म नुसत्या प्रकाशाने पहिल्यांदा पुढे सरकली, ती अपघाताच्याच दिवशी सकाळी. तेव्हा नळीशी मी एकटीच होते, आणि मला दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसत होते.

सही: निर्मला हिरामण महाजन
स्थळ: बऱ्हाणपूर. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

आमच्यासमक्ष सही केली. आम्हीही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१) रंभाबाई चौधरी, शेजारीण
२) सागर वाणी, सहशिक्षक