दोनशे ताटं आणि एक वाटी

प्रिय मासोळी,

फोनवर तू पाच मिनिटांच्या वर टिकत नाहीस, आणि जेवणाचा विषय निघाला रे निघाला की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते. इतकी बेल तर दवाखान्यातही वाजत नसेल गं! म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला बेल ऐकू येत नाही. लहानपणापासून तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, ती मात्र आज आवर. नीट बसून ओळीनं वाच.

जावईबापूंनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर उखडू नकोस, बिचारे घाबरले होते. पोहण्याच्या तलावाच्या काठावर सात चिमुरड्यांना तरंगायला शिकवताना तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तू फरशीवर बसलीस, हे मला त्यांच्याकडून कळावं? व्यवस्थापकांनी तुझी शिट्टी काढून घेतली आणि डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही असं बजावलं, हेही तेच बोलले. तुझं वजन त्रेचाळीस किलो. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेसात. तू चालायच्या आधी पाण्यात हातपाय मारायला लागलीस, म्हणून तर हे नाव ठेवलं तुला. पाण्याबाहेर तुझं काय होईल हे मला विचारायची गरज नाही. दोन महिन्यांत अंगात ताकद आली नाही तर तुझ्या जागी दुसरी शिक्षिका घेतील, आणि मला वाईट वाटतं ते त्या जागेपेक्षा तुझ्या गालांच्या निघालेल्या हाडांचं.

तुझ्या फ्रिजवर चिकटवलेल्या यादीचा फोटोही आला. डाळी बंद, गहू बंद, टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची, काकडी, शेंगदाणे, काजू, सगळं बंद. मोजले मी, एक्केचाळीस पदार्थ. अगं बाई, उरलंय काय? पाणी तेवढं चालतं वाटतं! मी पस्तीस वर्षं छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज दोनशे माणसांना जेवू घातलंय. पथ्यवाले, दात नसलेले, बायकोशी भांडून उपाशी आलेले, सगळे सांभाळले. पण एक्केचाळीस पदार्थ वगळून कुणाचं पोट भरायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

पण तू म्हणशील, आई न वाचताच बोलते. तर ऐक. डाळी-गव्हाला विष म्हणणारं, तू पाठवलेलं ते जाड पुस्तक मी चष्मा बदलून दोनदा वाचलं. तो पांढऱ्या कोटातला माणूस पडद्यावर बोलतो ना, त्याचे अकरा व्हिडिओ बघितले. बोलतो छान, आवाज तर मधासारखा. शेवटी गोळ्यांची बाटली दाखवतो, तेव्हा मात्र मला आमचा भाजीवाला आठवतो. तोही शेजारच्याची भाजी किडकी आहे असं सांगूनच आपली विकायचा. मग मी सरकारी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. तास दीड तास बाकावर बसले, पण विचारूनच उठले. माझी शिवणकाम करणारी मैत्रीण आठवते ना, जी गहू सोडून नव्यानं जन्मली? तिलाही गाठलं. एक म्हणतो विष, दुसरी म्हणते अमृत. ऐकावं जनाचं हे ठीक, पण जनच एकमेकांच्या उरावर बसले असतील तर माणसानं करावं काय?

मी काय केलं सांगते. कॅन्टीनमध्ये दोन आचारी भांडायला लागले की मी दोघांनाही बाजूला करून भांड्यात काय आहे ते बघायची. इथंही तेच केलं. तो कोटवाला अगदीच खोटं बोलत नाही. लेक्टिन म्हणून प्रथिनं असतात, दाण्यांत, बियांत, आणि लाल राजम्यात तर कच्चं असताना इतकी की मूठभर दाणेही माणसाला आडवं करतात. हे खरं आहे. पण रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळलं की तो त्रास संपतो. हेही तितकंच खरं आहे, आणि तो नेमकं एवढंच पुटपुटत सांगतो. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, शिजलेल्या डाळींनी लोक आजारी पडत असते तर आम्हाला वॉर्ड पुरले नसते. आणि शिवणवाली? तिला गव्हाचा खराखुरा आजार आहे, रक्त तपासून, आतड्याचा तुकडा तपासून निघालेला. तिनं सोडला ते बरोबरच केलं. तुझ्या त्याच तपासण्या दोनदा झाल्या आणि दोन्ही वेळा स्वच्छ आल्या. तिचं औषध तुला कशाला? दुसऱ्याचा चष्मा लावून कुणाला नीट दिसलंय?

डाळी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस तुला हलकं वाटलं, हे मी खोटं म्हणत नाही. त्याच आठवड्यात तू बाहेरचं तळलेलं आणि बाटलीतली गोड पेयंही सोडली होतीस, हे जावईबापूंना आठवतं, तुला आठवत नाही. श्रेय गेलं डाळींना बडतर्फ केल्याला. मग पुन्हा पोट जड झालं की यादीत आणखी एक नाव. असं करत करत एक्केचाळीस. पुढच्या महिन्यात पन्नास होतील, आणि तरी पोट जड होईल, कारण आता तू घास घेतानाच घाबरतेस. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू तर ताकच ओतून दिलंस.

हे सगळं मी थोडं थोडं फोनवर बोललेच होते. प्रत्येक वेळी तू एकच वाक्य टाकून माझं तोंड बंद केलंस, की आई, त्या दिवशी तुझ्या कॅन्टीनमध्ये दोनशे जणांनी तोच राजमा खाल्ला, कुणाला काही झालं नाही, मी एकटी मरता मरता वाचले, म्हणजे माझं शरीरच वेगळं आहे. तुला वाटलं असेल, आईकडे उत्तर नाही. जिला स्वयंपाकघरात आजवर कुणी गप्प करू शकलं नाही, ती या एका वाक्यापुढे दर वेळी मुकाट्यानं फोन ठेवते, याचं तुला कधी नवल नाही वाटलं?

तू तेव्हा सतराची होतीस. सकाळचा सराव आटोपून ओल्या केसांनी कॅन्टीनच्या मागच्या दारानं आत आलीस. साडेदहा वाजले होते. एक वाटी राजमा खाल्लास, आणि दुपारी रुग्णालयातल्या त्या हिरव्या पडद्यामागे तुझ्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या. ओठ पांढरे पडले होते, आणि माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडी वाकली. संध्याकाळपर्यंत तू सावरलीस. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पचनसंस्था अतिसंवेदनशील, कडधान्यं सहन होत नाहीत. तो कागद तू सोळा वर्षं जपून ठेवलास, दर नव्या डॉक्टरला आधी तोच दाखवलास. तुझ्या यादीतलं पहिलं नाव तिथून आलं, आणि बाकीची चाळीस त्याच्या मागून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मासोळी, तो राजमा दोनशे जणांनी खाल्ला नव्हता. तुझ्याशिवाय कुणीच खाल्ला नव्हता. आदल्या दिवशी विजेवर मंद शिजवणारं नवं मोठं भांडं आलं होतं, आणि मला मुख्य आचारीण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. शायनिंग मारायची होती गं मला, दुसरं काय! रात्रभर भिजवलेले दाणे सकाळी सहाला तसेच, न उकळता, त्यात टाकले आणि सगळ्यात मंद आचेवर ठेवले. तू भुकेली आलीस म्हणून पहिली वाटी तुला दिली. तू म्हणालीस दाणे करकरीत लागतायत, आणि मी म्हणाले, नखरे करू नकोस, खा. मी स्वतः नुसता रस्सा चाखला होता, दाणा चावलाच नव्हता. बाराच्या आत तू कोसळलीस. रुग्णवाहिका येईपर्यंत मी अख्खं भांडं मोरीत ओतायला लावलं. एकच्या जेवणाला सगळ्यांना अंडी आणि बटाटे गेले. डॉक्टरांनी विचारलं, हे आणखी कुणी खाल्लं का? मी म्हणाले, दोनशे जणांनी, सगळे ठणठणीत आहेत. तुझे बाबा सोडून गेले होते, चौकशी बसली असती तर नोकरी गेली असती, हे सगळं खरं आहे, पण मी ते तुझ्या पदरात टाकून मोकळी होणार नाही. दुसऱ्या दिवशी भांड्याची पुस्तिका उघडली. दुसऱ्याच पानावर ठळक छापलं होतं, राजमा आधी वेगळा खळखळून उकळून घ्यावा. पुस्तिका मी चुलीत घातली आणि गप्प बसले. वाटलं, एक राजमा नाही खाल्ला पोरीनं तर काय बिघडतं? तुझं शरीर वेगळं नाही, बाळा. त्या वाटीनं तुझ्या जागी कुणीही आडवं झालं असतं, मीसुद्धा. हे पत्र तुझ्या आताच्या डॉक्टरबाईंना दाखव, आणि त्या जुन्या कागदावरची ओळ माझ्या खोट्या उत्तरावरून लिहिली होती असं त्यांना स्पष्ट सांग. मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतेय, त्यांच्यासमोर स्वतः सांगायला. तोवर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, दार उघडावंसं वाटलं नाही तर मी जिन्यात बसेन. पण आज, हे वाचून झाल्यावर, माझ्यावरच्या रागाच्या भरात का होईना, चार घास पोटभर जेव.

तुझीच,
आई