ओरडणारा पंप

मुंबई

ती. आईंना जनीचा नमस्कार.

नेत्रा बरी आहे, जेवते. पाठीवरचे वळ अजून काळे आहेत. पालखीपुढे रक्तातली साखर उतरून ती थरथरत होती. भावोजींना वाटलं अंगात बाहेरचं वारं शिरलं, आणि रक्त निघेपर्यंत वेतानं झोडलं. चमचाभर साखर पुरली असती. हे असते तर वेताच्या मध्ये आडवे आले असते.

आज डॉक्टरांनी इन्सुलिनचे दोन पंप दाखवले. लहान पंप कपड्यांत लपतो. मोठा पंप साखर उतरू लागली की इन्सुलिन थांबवतो आणि जोरात वाजतो. तिच्या लग्नाचा विचार करून मी लहान उचलला. नेत्रा म्हणाली, "आई, ओरडणारा घे. तेव्हा माझ्याच्यानं ओरडवलं न्हाय."

तोच घेतला.

तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही गावी आलो की, पंप वाजला तर तिला साखर द्या. भावोजींना सांगा, पुन्हा वेत उचलला तर मी कोयता उचलेन.

तुमची सून,
जनी