पेल्यातली गोळी

अब्बा, निरवांगीच्या विहिरीचं काम संपलं आणि गेल्या आठवड्यात पाटाला पाणी सुटलं. तुम्ही असता तर काठावर उकिडवे बसून आधी भिंत पाहिली असती आणि मग माझ्याकडं. मी तुमची रोज आठवण काढते असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? बांधकामाची कामं घेते, दिवस बारामतीच्या वाऱ्या करण्यात जातो. पण चुन्यात हात घातला की तुम्ही येताच.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. खिडकीच्या फळीवर अम्मीचे स्टीलचे पेले आणि त्यांत पाण्याखाली चुन्याच्या गोळ्या. तुमची चुन्याची भट्टी उघडली की तिच्यातल्या चुन्यात रेती कालवून तुम्ही सुपारीएवढी गोळी वळायचा आणि ती जरा आवळली की पेल्यात सोडायचा. अम्मी वैतागायची, "पावन्यास्नी च्या कशात देऊ, वंजळीत?" तुम्ही हसायचा आणि पुढच्या भट्टीला पुन्हा पेला उचलायचा. एकदा मी शाळेतून येऊन म्हणाले, चुना तो चुनाच, त्यात रोज काय बघायचं? तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. पानाच्या टपरीवरचा पांढराशुभ्र चुना आणलात, त्याचीही गोळी शेजारच्या पेल्यात सोडलीत. सकाळी उठून बघते तर त्या पेल्यात नुसतं ताक झालंय आणि आपली मातकट गोळी तळाशी शाबूत बसली आहे. पुढं काही दिवसांनी तुम्ही माझं बोट धरून नख तिच्यावर टेकवता. "दाब. उमटतंय का?" नाही उमटत. "त्या पांढऱ्याला घट व्हायला हवा लागती. ह्यो पान्यात बसून दगड हुतो. ह्याला चुना म्हन, पर नुसता चुना म्हनू नगंस."

आणि हा चुना यायचा कुठून, तर लोकांच्या रानातून. नांगराला लागतात म्हणून शेतकरी जे चुनखडीचे खडे वैतागून बांधावर फेकायचे, ते तुम्ही पाट्या भरभरून आणायचात. त्या खड्यांत मुळातच माती मुरलेली असते आणि चुना तिच्यासकट भाजला जातो, म्हणूनच तो पाण्यात टिकतो, हे मी पुढं शिकले. तुम्हाला ते हातानं कळत होतं. आच जास्त झाली तर खडा मरतो, मग पाणी मारलं तरी फुलत नाही, म्हणून तुम्ही भट्टीपाशी जेवायचात. भाजलेल्या खड्यावर पाणी मारणाऱ्याला ओरडायचात, "आरं, तोंड धू त्याचं, आंगूळ नगं घालूस!" काय रुबाब होता तुमचा! अंगावर चुन्याची भुकटी आणि बोलणं जहागीरदाराचं.

निरवांगीच्या त्या जुन्या दगडी विहिरीला पूर्वी कुणीतरी सिमेंट फासलं होतं. सिमेंटनं आतली ओल कोंडून धरली आणि शेवटी ते दगडांचे पापुद्रे घेऊन गळून पडलं. खालच्या अंगाचे दगड पुढं आले होते. पाटाला पाणी सुटलं की तिथल्या विहिरी चढतात. त्याआधी दगडांमधले सांधे चुन्यानं भरून घट्ट बसले नसते तर ती सगळी बाजू आत आली असती आणि वस्तीचं प्यायचं पाणी गेलं असतं. ओल बाहेर सोडणारा आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना मला माहीत होता. मी काम घेतलं.

आणि आपल्या ऊसवाल्यांच्या मुलखात जे व्हायचं तेच झालं. मी बारामतीला गेले असताना वस्तीतले तात्या पणदऱ्याच्या गुऱ्हाळावरून गुळाची ढेप घेऊन आले. गवंड्यानं मोठ्या प्रेमानं सगळा चुना गुळाच्याच पाण्यात कालवला आणि सांधे भरून टाकले. मीही तुमच्यासारखे पेले ठेवले होते; गुळाआधीच्या चुन्याची गोळी टणक झाली, या चुन्याची मात्र लोण्यासारखी मऊच. नख सरळ आत! तुम्ही म्हणायचा, पांढऱ्या चुन्यात चिमटीभर चालतो, पण ह्याला गूळ जास्त झाला की झोप लागती. भरलेले सगळे सांधे मी उकरायला लावले. पाणी कधी सुटेल याचा नेम नव्हता.

तात्या रागावले. "आमच्या आज्यानं हीर बांधली तवाबी गूळ घातलाता म्हनं. आमच्या गुळात काय खोट हाय का?"

तेव्हा तुम्ही काम केलेलं मोरगावचं एक घर आठवलं. तिथंही एक म्हातारी गिलाव्यात घालायला गूळ घेऊन आली होती. तुम्ही ढेप दोन्ही हातांनी घेतलीत, कपाळाला लावलीत आणि फोडून कामावरच्या सगळ्यांना वाटलीत. तिला म्हणालात, "आजी, भित्तीला गूळ दिला तर ती निजून ऱ्हाती. हातास्नी दिला तर हात जागं ऱ्हात्यात." मी तेच केलं, अगदी तसंच बोलले. तात्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "ही अक्कल कुनाची गं?"

"अब्बांची."

"तरीच. तुजी न्हाय वाटली."

मग उरलेला गूळ त्यांनीच शेंगदाण्यांबरोबर वाटला, आणि सांधे नव्यानं भरल्यावर त्यांच्यावरची ओली पोती बदलायला रोज सकाळी तेच शिडीवरून उतरायचे. कुणाला हात लावू देईनात. अब्बा, माणसं जोडायची ही रीत तुमच्याकडून आली याचा मला फार अभिमान वाटतो.

काल विहीर चढली. सगळी वस्ती काठावर. पाणी पहिल्या सांध्याला लागलं तेव्हा तात्यांनी विचारलं, "भ्या वाटतंय का गं?" मी म्हटलं, "न्हाय, तात्या." पाणी वर गेलं, भिंत जागची हलली नाही.

हे पत्र टाकणार कुठं? खिडकीच्या फळीवर पेल्याखाली ठेवून देईन. तुम्ही गेलात तेव्हा एक पेला तिथं भरलेलाच होता. अम्मीनं त्यातून पुन्हा कधी कुणाला चहा दिला नाही. त्यातली तुमच्या शेवटच्या भट्टीची गोळी आता माझ्याकडं असते. तात्यांना मी नाही म्हटलं, पण भीती वाटत होती, अब्बा. पाणी चढेपर्यंत मी पर्समध्ये हात घालून त्या गोळीवर नख दाबत होते. ती टणक आहे हे इतकी वर्षं माहीत असून दाबत होते.