पान एक्केचाळीस

६ जानेवारी, सोमवार

अंध सभासदांसाठी दोन तास वाचून रेकॉर्ड केलं, त्यातला अर्धा तास फुकट! समोरच्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर. खिडक्या बंद, पंखा बंद, दाराला आतून गोधडी लावली, तरी घरघर येतेच. त्यात ह्यांनी नेमका कुकर लावला. मी बाहेर येऊन ओरडले तर म्हणतात, "कळू दे की तुज्या ऐकनाऱ्यांना, मोशीत आज वरनभात हाय." हसावं की डोकं आपटावं!

कादंबरी बरी आहे, पण आज एक भयंकर पान आलं. डोळे गेल्यावर नायकाची आई अन्नपाणी सोडते. सगळं तपशीलवार. मी पेन्सिलीने कंस केला आणि पुढे गेले. कुणाच्या लक्षात येत नाही. एक श्वास घ्यायचा, नवा परिच्छेद सुरू करायचा. शाळेतसुद्धा एकतीस वर्षं असंच केलं, पोरं रडतील ते गाळून वाचलं. ऐकणाऱ्यांच्या वाट्याला आधीच काय कमी आहे, त्यात ही भर कशाला?

उठताना दाराच्या चौकटीवर डावा खांदा पुन्हा आपटला. घर माझं, चौकट माझी, तरी! रेकॉर्डिंग बंद करायचं बाहेर आल्यावर आठवलं. तेही नेहमीचंच.

१० जानेवारी, शुक्रवार

घसा बसला. वाचन नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

झोपायच्या आधी हे लिहितेच.

सकाळी आम्रपालीचा फोन आला. मला वाटलं, तिळगुळाचा. आम्रपाली म्हणजे आमच्या डिजिटल ग्रंथालयाचा कणा. कासारवाडीची, पस्तिशीची. बाविसाव्या वर्षी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आम्ही घरून वाचलेलं सगळं ती कानाने तपासते, मगच ते सभासदांच्या फोनवर जातं. नव्याने नजर गेलेला माणूस आला की फोनवर पुस्तक कसं उघडायचं, इथपासून तीच शिकवते. माझी बत्तीस पुस्तकं तिच्या हातून गेलीत.

"बाई, काचबिंदूच्या पुस्तिकेतलं पान एक्केचाळीस तुमच्या फाइलमध्ये का नाही?"

मी म्हटलं, असेल की गं, नीट ऐक. तर म्हणाली, "ती फाइल मला पाठ आहे. नवीन सभासदाला मी पहिली तीच लावून देते. तीन वर्षं." गेल्या आठवड्यात त्याच पुस्तिकेची टाइप केलेली प्रत आली. ती फोनच्या यांत्रिक आवाजात ऐकताना तिला न ऐकलेलं एक अख्खं पान लागलं!

"मशीननं वाचलं, बाई. मशीनला दया येत नाही."

मी म्हटलं, पानं चिकटली असतील.

चक्क खोटं बोलले. संक्रांतीच्या दिवशी! एकतीस वर्षं मास्तरीण होते मी!

संध्याकाळी कपाटातून पुस्तिका काढली. पानं चिकटलेली नाहीत. पान एक्केचाळीसवर माझा कंस आहे. पट्टीने आखलेला. वर पहिलंच वाक्य – गेलेली नजर परत येत नाही. त्या एका वाक्यासाठी मी पानभर कंस ओढला. आणि खाली? रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी काही त्रास नसला तरी डोळे तपासून घ्यावेत. आधी कडेकडेचं दिसणं जातं, समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. वेळेत कळलं तर उरलेली नजर औषधाने टिकते.

हे मी तेव्हा वाचलं होतं. वाचलंच असणार. वाचल्याशिवाय कंस कसा करीन?

१६ जानेवारी, गुरुवार

खरं सांगून टाकलं. फोनवरच. समोर जायची छाती झाली नाही.

तिने एवढंच विचारलं, "अजून किती पुस्तकांत?" मी म्हटलं, अगं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून... तर ती म्हणाली, अगदी हळू, "आमच्यासाठी काय बरं ते दुसऱ्यांनीच ठरवायचं. हे आमच्याकडे फार जुनं आहे, बाई."

आणि मग तिच्या भावाचं सांगितलं. बुद्धरत्न. चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, वय चाळीस. दिवाळीपासून दोनदा बाजूच्या रॅकला धडकला. सुपरवायझरने लेखी खुलासा घेतला. हा म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. "मी तीन वर्षं ती फाइल लोकांना ऐकवतेय. आणि माझा सख्खा भाऊ रोज माझ्या शेजारी बसून जेवतो."

तुझ्या डॉक्टरांनी नाही का सांगितलं तेव्हा, मी विचारलं. विचारायला नको होतं. म्हणाली, "सांगितलं असेल. डोळे गेले त्या आठवड्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं, बाई. म्हणून तर पुस्तक लागतं."

१७ जानेवारी, शुक्रवार

सगळा दिवस स्वतःशी भांडले. मी काय डॉक्टर आहे? फुकट वाचते, घसा बसवून वाचते, एक पैसा घेत नाही! आणि त्या माणसाचे डोळे गेले तर ते माझ्या डोक्यावर?

हो. माझ्याच डोक्यावर. किती जणांनी ती फाइल ऐकली असेल. त्यांना भावंडं असतील, मुलं असतील.

जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

बत्तीसच्या बत्तीस पुस्तकं पलंगावर काढली आणि कंस मोजले. एकशे सतरा!

सगळ्यात वाईट एकोणिसावं निघालं. एका अंध पेटीवादकाचं आत्मचरित्र. तरुणपणी मरावंसं वाटत होतं, असं तो सरळ लिहितो, दोन पानं. मी ती गाळली. म्हणजे अंध माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं मी अंध माणसांपासून लपवलं! हे करताना मला एकदाही काही वाटलं नाही? उलट त्या दिवशी ह्यांना चहा करून दिला आणि म्हटलं, आज छान वाचन झालं. मला आठवतंय.

हे दारात उभे होते. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतील. नाही केली. म्हणाले, "माज्या आज्याला जमिनीचा कागूद वाचून दावला व्हता. एक वळ गाळून. त्या मानसाला आमी आजून शिव्या देतो."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

पान एक्केचाळीस आजच वाचून पाठवते, असं आम्रपालीला कळवलं. म्हणाली, "नको. ते मी वाचलंय." तिच्याकडे ब्रेलची छोटी पट्टी आहे, फोनवरचं अक्षर तिच्यावर ठिपक्यांनी उमटतं. त्यावर बोट फिरवत वाचलं आणि फाइलमध्ये जोडलंही. आता पान चाळीसपर्यंत माझा आवाज, मग तिचा, मग पुन्हा माझा.

ऐकलं. 'गेलेली नजर परत येत नाही' हे वाक्य ती बाकीच्या वाक्यांसारखंच वाचते. कुठे थांबत नाही, आवाज पडत नाही. आणि मी ठरवलं होतं की तिला हे सोसायचं नाही!

२४ जानेवारी, शुक्रवार

बुद्धरत्न तपासणीला जायला तयार नाही. शिफ्ट, ओव्हरटाइम. "दिसतंय की मला सगळं!"

२६ जानेवारी, रविवार

आम्रपालीने जेवताना त्याच्यासमोर ती फाइल लावली. पान एक्केचाळीसला तो ताटावरून उठला. हात धुऊन आला आणि म्हणाला, मंगळवारी जाऊ. मी पण येते म्हटलं. नको म्हणाली नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

एका दमात लिहिते, नाहीतर राहून जाईल.

पिंपरीला उतरून रस्ता ओलांडताना एक दुचाकी डावीकडून कोपराला घासून गेली. कुठून आली कळलंच नाही! शिव्या देत वर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. दोघं आधीच बसलेले. बुद्धरत्न उंच, शांत, कंपनीच्या शर्टातच आलेला. मला नमस्कार केला. मला तो घेववेना.

त्याला आत नेलं. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. अर्धा तास. मग डॉक्टर. डाव्या डोळ्याचं फार थोडं उरलंय. उजवा बराच शाबूत आहे, तो टिकवता येईल – थेंब रोज, जन्मभर. फोर्कलिफ्ट बंद. आजपासून.

त्याने विचारलं, "तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

"तर डावाही बराच राहिला असता."

मी तिथेच होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर खाली जाऊन तिघांना चहा घेऊन आला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा दिला!

आणि तो चहा मी सांडला. त्याने कप बाकावर माझ्या डाव्या हाताशी ठेवला होता, माझा हात लागून सगळा खाली. मी पुसायला वाकले तर आम्रपाली म्हणाली, "बाई, थांबा. कप कुठल्या बाजूला होता?"

डावीकडे.

"मागच्या महिन्यात ग्रंथालयाच्या ऑफिसात पाण्याचा ग्लास पडला तुमच्या हातून. तोही डावीकडचाच ना?"

म्हटलं, वय झालं गं. ती ऐकेना. "तुमच्या प्रत्येक फाइलच्या शेवटी एक धप्प आवाज असतो. कशाचा आहे?"

चौकटीचा. खांदा आपटतो माझा.

"दीड वर्षं झालं, दर फाइलला. मी कापून टाकत होते. तुम्हाला विचारलं तर वाईट वाटेल म्हणून." मग म्हणाली, "तुमच्या घरी कुणाला असं दिसेनासं झालं होतं का, बाई?"

आईला. पिंपळे गुरवला, शेवटची सहा वर्षं. भिंतीला हात लावून चालायची. आम्ही सगळे म्हणायचो, वयाने होतं. कुणी दवाखान्यात नेलं नाही. मीही नाही.

रुग्णाच्या मुलांनी. सख्ख्या मुलांनी. त्या पानावर लिहिलेलं होतं. बाकी कुणी ऐकलं नाही ते माझ्यामुळे. पण मी तर वाचलं होतं, चष्मा लावून, पट्टी हातात घेऊन!

परवाची वेळ घेतली.

३० जानेवारी, गुरुवार

"कौशल्याबाई, या," मशीनवरच्या मुलीने हाक मारली. वाडग्यात तोंड घालून बसले. आधी उजवा डोळा. ठिपके पटापट दिसले, बटण दाबत गेले. मग उजवा झाकून डावा, तर बराच वेळ काहीच नाही. नुसतं पांढरं. मी म्हटलं, अगं पोरी, बंद पडलं बघ तुझं मशीन.

ती म्हणाली, "नाही हो मावशी, चालू आहे."