मनूच्या गावाला साडेपाच तास

१२ जाने., सोम.
तिकीट आलं फोनवर. मुंबईहून रात्री दीडला सुटतं, सकाळी सातला न्यूयॉर्क. साडेपाच तास! उगाच घाबरत होते. पुण्याला जाताना चाकणला अडकलं की तेवढेच लागतात. हे म्हणाले, "बघ! लय लांब, लय लांब करत होतीस."
लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी. पण मनूला आता डॉ. विमानात बसू देत नाहीत. मग माहेरच उठून तिच्याकडं. अळीव, डिंक, बाळंतशेपा आणून ठेवल्या. मळ्यात गुलाब तोडताना बोटाला काटा लागला, कळलंसुद्धा नाही.

१५ जाने., गुरु.
हळदीकुंकवाला झाडून सगळ्यांना सांगितलं, साडेपाच तास फक्त. संध्याकाळी मनूचा व्हि. कॉल. पोट धरून हसली. "अगं आई, सोळा तास! इथलं घड्याळ मागं आहे." साडेबारा हजार कि.मी. म्हणे.
शोभा झाली ती झालीच. पण सोळा तास? कसारा घाट मी लिंबू हुंगत उतरते! यांना म्हटलं, मी नाही जात, तुम्ही जा. म्हणाले, "मी जाऊन काय करू? बाळाला न्हाऊ घालायला मला येतं व्हय?" मग हळूच, "तिच्याजवळ कोणी नाय गं."
जाणार. थोडी रडले.

१९ जाने., सोम.
मनू सांगत होती, पश्चिमेला जाताना रात्रही आपल्याबरोबर निघते, सूर्य मागून येतो पण लवकर गाठत नाही. दिवसभर तेच डोक्यात. एवढी लांबलचक रात्र. मधले तास कुठं जातात?
दुपारी पडले तर स्वप्न. विमान मळ्यावरून इतकं खालून चाललेलं की हात बाहेर काढला तर शेवंती हाताला लागली. पुढं ढगांत गुलाबाच्या ओळी, नुसत्या कळ्या. एकही उमलेना. पण भीती नाही वाटली. छान गार वाटत होतं. उठावंसंच वाटेना.

२४ जाने., शनि. विमानतळ
मनूची तारीख पुढच्या महिन्यातली, आणि आत्ता जावईबापूंचा फोन. कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय. मनूनं फोन घेतला. "आई, निघालीस ना?"
"निघाले गं, ही काय, आलेच!"
अजून इथंच बसलेय, रांगसुद्धा लागली नाही. यांना कळवलं तर नुसतं "बरं" म्हणाले.
आत गेलं की फोन बंद. सोळा तास मला काही कळायचं नाही. मी वर असतानाच आजी होईन, कोणत्या गावावर, कोणत्या समुद्रावर, देव जाणे.
रांग लागली. हात जोडले, पण मागू काय? पोरीला लवकर सुटू दे म्हणू, की मी पोचेपर्यंत थांबव म्हणू?